कबजेदार कोण?

"नर्सरीवाल्यांचं कळलं का गं तुला?" काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायची थांबल्या. काकी कोथिंबीर निवडायची थांबल्या म्हणजे बातमी मोठी असते. मयतीची बातमीसुद्धा त्या निवडता निवडता सांगतात.

"काय झालं?"

"आगं, त्यांच्या त्या इंटरनेटच्या पानावर जुगार निघाला! डाळिंबाची रोपं ऱ्हायली बाजूला. धाकट्या सुनेच्या माहेरी, सांगोल्यात, कुणीतरी मोबाइलवर उघडून बघितलं, तर कसल्या तरी परदेशी भाषेत अक्षरं आन् मधी पत्ते फिरतायत. इहीणबाईनं लगोलग फोन केला, म्हणती कशी, तुमी धंदा बदलला का?"

मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाचं किंवा होऊ घातलेल्या गिऱ्हाइकाचं बाहेर बोलायचं नाही, हा माझा नियम. काकींना तो पाठ आहे आणि त्यावरचा उपायही त्यांनीच काढलाय. "तू बोलू नगंस. मी बोलती, तू नुसती मान हलव. काल रात्री त्ये तुझ्याकडं आलं व्हतं का न्हाई?"

मी मान हलवली.

आमच्या वेळापुरात माणूस नावापेक्षा धंद्यानं ओळखला जातो. नर्सरीवाले, पत्रावळीवाले, शेडनेटवाले. मी आधी मास्तरांची सून होते, आता वेबसाइटवाली झाले. ही बढती मिळायला बरीच वर्षं लागली. आणि काकींचे यजमान म्हणजे भाऊसाहेब. तलाठ्याला गावोगाव भाऊसाहेबच म्हणतात. हे तलाठी म्हणून निवृत्त झाले, तरी गावानं त्यांना दुसरं नाव दिलं नाही. सरकारनं मात्र २०२४ साली तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी करून टाकलं. "आमची पाठ वळल्यावर अधिकारी केलं," हे ते आठवड्यातून एकदा तरी म्हणतात.

ते तोंडल्याचा वेल तारेला बांधत होते. कान इकडंच होते. सुतळीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो असा होता की चांगल्या चांगल्या शिकलेल्या गिऱ्हाइकांनी मला कधी विचारला नाही. माझा नियम तिथंच मोडला.

"पान कुणाच्या नावावर होतं?"

"पान नाही भाऊसाहेब, नाव. डॉट कॉम लावून जे नाव असतं ना, त्याला डोमेन म्हणतात. पान नंतर त्यावर उभं राहतं."

"मग ते नाव कुणाच्या नावावर होतं?"

"ज्यानं साइट केली त्या पोराच्या."

"पैसे कुणाचे?"

"नर्सरीवाल्यांचे."

"म्हणजे वहिवाट यांची आणि कबजेदार सदरी नाव त्याचं." त्यांनी सुतळी खिशात घातली. "मग बोंबलायचं कशाला? उतारा बघितला नाही ही चूक कुणाची?"

हे मी गिऱ्हाइकांना समजावताना घसा कोरडा करते. होस्टिंग, रजिस्ट्रार, रजिस्ट्रंट असले शब्द वापरले की समोरचा माणूस मान डोलावतो आणि त्याचे डोळे दुसरीकडं जातात. भाऊसाहेबांना एका वाक्यात कळलं, कारण सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि रान कसतंय कोण यातली तफावत ज्यानं उभा जन्म बघितलीय, त्याला डोमेन समजावं लागत नाही.

त्या पोराची लबाडी नव्हती, हे सांगायला पाहिजे. गिऱ्हाइकाला स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो. ओटीपी जातो तो पुतण्याच्या मोबाइलवर, आणि पुतण्या असतो अकलूजला. मग साइट करणारा वैतागून स्वतःच्या ईमेलनं नाव घेतो, स्वतःच्या कार्डानं पैसे भरतो आणि बिलात लावतो. आमच्या धंद्यात निम्मी भानगड अशी सोयीपोटीच होते. पुढं पोराला बेंगळुरूत नोकरी लागली, त्यानं फोन नंबर बदलला, जुना ईमेल उघडायचा सोडला. इकडं नर्सरीवाल्यांना वाटलं, पैसे दिलेत म्हणजे आपलं झालं.

"आणि आपलं होतच नसतं का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कायमचं कुणाचंच होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. मग परत पैसे भरायचे."

"भाडेपट्टा."

"भाडेपट्टाच."

"आणि मुदत सरली की दुसऱ्या दिवशी लिलाव?"

"लगेच नाही. डॉट कॉमचं बघा, मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना येते, आठवडाभर आधी दुसरी. संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतर ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिच्या नियमाप्रमाणे सवलत, काही ठिकाणी ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत असते. ती गेली की तीस दिवस दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस नुसतं टांगलेलं. आणि मग जो आधी हात मारेल त्याचं."

"एवढ्या नोटिसा? आमच्या फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवस असायचे, तरी लोक म्हणायचे कळवलं नाही." भाऊसाहेब हसले. "म्हणजे नोटीस तामील झाली, पण भलत्यालाच."

"त्या पोराच्या ईमेलवर. तिथं त्या अजून पडून असतील."

"आन् त्ये पत्तेवाले कोण?" काकींना कायद्यात रस नव्हता.

अशी सुटलेली नावं टिपायला माणसं बसलेली असतात, माणसं म्हणजे त्यांची यंत्रं. नाव जितकं जुनं, जितक्या ठिकाणी त्याचा दुवा दिलेला, तितकं गुगलच्या लेखी ते भल्या घरचं. नर्सरीवाल्यांच्या साइटचा दुवा शेतीच्या दोन-चार साइटींवर होता, काही बातम्यांमध्ये होता. त्या अब्रूवर आता जुगारवाल्यांनी दुकान मांडलं. परत हवं तर डॉलर मोजा, तेही त्यानं विकायचं ठरवलं तर. नाहीतर नवं नाव घ्या, आणि जुनं जिथं जिथं छापलंय तिथं पट्ट्या चिकटवा. नर्सरीवाल्यांनी ते पिकअपच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. गेल्या काही दिवसांपासून ती पिकअप आख्ख्या माळशिरस तालुक्यात जुगाराची जाहिरात करत फिरत होती.

यावर काकी इतक्या हसल्या की कोथिंबिरीची जुडी कुंपणातून माझ्या बाजूला पडली.

मग हसू आवरून त्यांनी विषय माझ्यावर आणला. तो त्या कधी ना कधी आणतातच. "खरं सांगू का, तुझ्याबद्दल बी लोकं बोलायची. रातच्या दीड-दोनला खिडकीत उजेड, आन् आतनं विंग्रजी बोलणं. पलीकडच्या गल्लीतली ती म्हणली, कुणाशी बोलती गं एवढ्या रातचं? मी म्हणलं, दात काढणाऱ्या डाक्टरशी बोलती."

"दात काढणारा नाही काकी, दातांचा."

"त्येच की!"

तो कॅलिफोर्नियातला दंतवैद्य माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडं सकाळचे नऊ वाजले की उन्हाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ एक तास मागं घेतलं की साडेदहा. तो आधी पेशंट बघतो, मग जेवतो, मग माझ्याशी बोलतो. म्हणून खिडकीत उजेड. सासूबाईंनी पहिल्या वर्षी दोनदा दाराशी येऊन ऐकलं होतं. तिसऱ्यांदा चहा घेऊन आल्या.

"हे असले डॉक्टर तुला सापडले कुठं?" भाऊसाहेबांचा चौकशीचा स्वर निवृत्तीनंतरही गेलेला नाही.

सापडले बाजारात. ओडेस्क आणि इलान्स या तेव्हाच्या दोन मोठ्या बाजारपेठा. जगभरची गिऱ्हाइकं तिथं काम टाकायची आणि जगभरचे कामकरी बोली लावायचे. २०१३ च्या शेवटी दोन्ही एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं अपवर्क झालं. तासावर काम घेतलं की त्यांचं एक सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसायचं आणि दर दहा मिनिटांमागं एकदा, नेमकं कधी ते सांगता येणार नाही असं, पडद्याचं चित्र टिपायचं. आपण खरंच काम करतोय की भाजीचा हिशेब, ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. त्या काळात मी कुकरच्या शिट्ट्या मोजत कोड लिहायला शिकले. शिटीचा पडद्यावर पुरावा राहत नाही.

"आणि त्यांची आडत?"

"आधी दहा टक्के. २०१६ मध्ये बदलली. एका गिऱ्हाइकाकडून पहिल्या पाचशे डॉलरपर्यंत वीस टक्के, दहा हजारांपर्यंत दहा आणि त्यापुढं पाच घ्यायचे तेव्हा."

"वीस!" भाऊसाहेबांनी तोंडल्याचा वेल सोडला. "अगं, त्याच साली आपल्या सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. जुलै महिना होता. केवढा गोंधळ झाला, बाजार समित्या बंद पडल्या. आणि तुमच्या बाजारात उलटी गंगा?"

मला ती आडत परवडली, हे मी त्यांना सांगितलं. अनोळखी माणसाचे पैसे मधल्यानं आधीच धरून ठेवलेले असायचे, बुडायचे नाहीत. वेळापुरात बसलेल्या बाईला सातासमुद्रापलीकडं कोण ओळखत होतं? पण एकदा ओळख झाली की ती पुढं पसरते. दंतवैद्याचा मेहुणा, मेहुण्याचा भाडेकरू. आता माझी बरीचशी कामं अशी तोंडोतोंडी येतात. त्या बाबतीत कॅलिफोर्निया आणि वेळापूर सारखेच.

"परदेशातनं आलेल्या पैशावर कर?"

"ती निर्यात धरतात. दरवर्षी हमीपत्र भरलं की जीएसटी शून्य. बँकेकडून पैसे आल्याचा दाखला घेऊन फायलीला लावायचा."

"म्हणजे आपलं डाळिंब युरोपात जातं तसं," भाऊसाहेब म्हणाले, "फक्त तुझ्या मालाला पेटी लागत नाही." आणि स्वतःच खूश झाले.

काकींना खरा प्रश्न विचारायचा होता. "तू करतीस काय पर? म्हंजी, दिवसभर? आमचा नातू म्हणतो, वर्डप्रेस का काय त्ये फुकाट मिळतं."

मिळतं. २००३ पासून मिळतंय, कुणीही उतरवून घ्यावं. काकींना मी म्हटलं, काम साइट बनवायचं नसतंच, काम असतं गिऱ्हाइकाकडून त्याचा धंदा काढून घेण्याचं. त्या म्हणाल्या, म्हंजी लुबाडायचं? मी म्हटलं, नाही हो, माहिती काढून घेण्याचं.

आणि खरंच, तिथंच सगळं अडतं. अवजारं बनवणारे एक जण आहेत, नाव घेत नाही. ऊसतोडणीपासून पाचटापर्यंत कशालाही यंत्र बनवतील, हातात जादू आहे. साइट हवी म्हणाले, आगाऊ रक्कम दिली, मी आठ दिवसांत सांगाडा उभा केला. मग म्हटलं, दादा, 'आमच्याविषयी' म्हणून एक पान असतं, त्यात चार ओळी द्या. तुम्ही कोण, कधी सुरू केलं, काय बनवता. "देतो की, संध्याकाळी." संध्याकाळ गेली, गळीत हंगाम गेला, दिवाळी गेली. स्वतःबद्दल चार ओळी त्यांना लिहिता येईनात. शेवटी मी त्यांच्या वर्कशॉपवर जाऊन बसले. वेल्डिंगच्या आवाजात विचारत गेले आणि लिहीत गेले. त्यांनी पहिलं यंत्र भंगारातल्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर केलं होतं, आणि ते बघायला पंचक्रोशीतून माणसं आली होती. हे त्यांना सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं! त्यांच्या हिशेबी वेबसाइटवर लिहायचं ते 'दर्जेदार सेवा आणि ग्राहकांचे समाधान', कारण शेजारच्याच्या साइटवर तसं लिहिलेलं होतं.

फोटोंचं तर बोलूच नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, दहा जणांनी पुढं ढकललेला, नखाएवढा उरलेला लोगो पाठवतात आणि म्हणतात, हाच मोठा करून टाका. कार्यक्रमाचा फोटो मागितला तर येतो सत्काराचा, आणि त्यात माणसं दिसत नाहीत, फेटे दिसतात.

पण सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर अक्षरांत. जुन्या संस्थांचे अहवाल, नियमावल्या, स्मरणिका सगळं श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टंकलेलं. कागदावर ते देखणं दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, वरून मराठीचा मुखवटा. ते उचलून साइटवर ठेवलं की नुसती इंग्रजी अक्षरांची पेंड पडते, आणि गुगलला शोधायला सांगितलं तर त्याला त्यात एक मराठी शब्द सापडत नाही. ते युनिकोडमध्ये आणायचं, तर बदलणारी यंत्रं नव्वद टक्के बरोबर करतात आणि उरलेल्यात रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, सभासदाचं आडनाव बदलतं. भाऊसाहेबांना इथं जोर चढला. "आडनाव बदललं म्हणजे गुन्हाच! सातबारा संगणकावर आणताना आम्ही तेच सोसलंय. हस्तलिखितात एक, संगणकात दुसरं. दुरुस्तीसाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालायची."

बरं, युनिकोड झालं तरी ल आणि श. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. पण संगणकाला देवनागरी म्हटलं की तो आधी हिंदी समजतो आणि हिंदी वळणाचे ल-श दाखवतो. पानाच्या आत वरच्या बाजूला 'ही मराठी आहे' असं सांगणारी एक बारीक खूण असते. ती घातली आणि टंक तसा निवडला की अक्षरं आपल्या वळणाची होतात. टिरो देवनागरी मराठी नावाचा तर मराठीसाठीच केलेला टंक आहे, फुकट मिळतो. एवढीशी गोष्ट, पण मोठमोठ्या साइटींवर ती केलेली नसते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शाळेची साइट बघून मला फोन केला होता. रंगाबद्दल नाही, चित्रांबद्दल नाही, म्हणाले, "बाई, तुमचा श बरोबर आहे." आजवरच्या कौतुकातलं हे मी वरच्या खणात ठेवलंय.

"कवतिकानं पोट भरतं का?" काकी म्हणाल्या. "पैसं देतात का येळेवर?"

देतात. परदेशी आठवड्याला देतात, पुण्या-मुंबईचे महिन्याला, आणि जवळचे सणाला. कोणता सण ते सांगत नाहीत. म्हणून मी आता निम्मे आधी घेते, पाव साइट दिसायला लागली की आणि उरलेले चालू करण्याआधी. चालू झाल्यावर कुणाला निकड राहत नाही, हे उघड आहे. एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं माझे पैसे इतके महिने अडवले होते की मी त्यांच्या लेखापालाच्या मुलीच्या बारशापासून शाळाप्रवेशापर्यंत सगळं ऐकलं. मग उद्यम नोंदणी काढली. ती फुकट आहे आणि घरबसल्या होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि २०२४ पासून वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, म्हणजे त्यावर त्याचाच कर वाढतो.

"दरमहा चक्रवाढ," भाऊसाहेब पुटपुटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पण भाऊसाहेब, कायदा दाखवला की पैसे येतात आणि गिऱ्हाईक जातं. म्हणून तो दाखवायचा कधी, ते ठरवावं लागतं."

"ते आमच्या खात्यातही होतं," ते म्हणाले, आणि काकींकडं न बघता पुन्हा वेलाकडं वळले.

तेवढ्यात रस्त्यावरून मंडपाचे बांबू घेऊन ट्रॅक्टर गेला. पालखी चार दिवसांवर आली होती. माउलींची पालखी त्या दिवशी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर रिंगण होतं, आणि वेळापूरच्या अलीकडच्या उतारावरून वारकरी धावत सुटतात. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले म्हणतात, तोच हा धावा. संध्याकाळी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि मोबाइलला तर त्याहून नसते. लाखांनी माणूस एका गावात उतरल्यावर टॉवरनं तरी काय करावं? म्हणून माझ्या प्रत्येक करारात सुट्ट्यांच्या यादीत त्या दोन दिवसांची ओळ असते. दंतवैद्यानं पहिल्यांदा विचारलं होतं की हा कुठला सण, कॅलेंडरमध्ये तर नाही. मी त्याला धाव्याचा व्हिडिओ पाठवला. त्यानं लिहिलं, एवढे लोक कुणाच्या मागं लागलेत? मी लिहिलं, कुणाच्या मागं नाही, पुढं पोचायचंय. आता दर जूनमध्ये तोच विचारतो, या वर्षी कधी धावणार आहात?

"ते एआय का काय आलंय," भाऊसाहेबांनी अचानक विचारलं. "नातू म्हणतो, एका वाक्यात साइट बनवून देतंय. मग तुझं काय?"

बनवून देतंय, मीही वापरते. पूर्वी दोन दिवस खाणारं काम दुपारपर्यंत उरकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांचं पोट नुसत्या पानांवर होतं त्यांची कामं कमी झालीत, तेही दिसतंय. मला येणारी कामं आता वेगळी असतात: कुणीतरी यंत्राकडून साइट करून घेतलेली असते, ती चालतही असते, आणि एके दिवशी बंद पडते. मग घरात कुणालाच सांगता येत नाही की ती ठेवलीय कुठं, चावी कुणाकडं आहे, पैसे कुणाच्या कार्डावरून कापले जातायत. नर्सरीवाल्यांकडं निदान एक पोरगं तरी होतं, ज्याला शिव्या देता येत होत्या.

"मग तू काय करतीस, हे असं होऊ नये म्हणून?"

मी घरातून नमुन्याची एक फाइल आणून तारेवरून त्यांच्या हातात दिली. काम संपलं की अशी एक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देते. नाव कुठं नोंदलंय, कुणाच्या ईमेलनं, मुदत कधी संपते. साइट कुठं ठेवलीय. कोणकोणत्या गोष्टींचे वर्षाचे पैसे भरायचे. सगळी खाती गिऱ्हाइकाच्या नावावर. आणि उद्या दुसऱ्या कुणाकडं न्यायची झाली तर बदलीचा कोड कुठून काढायचा. भाऊसाहेबांनी चष्मा लावला. पान उलटायच्या आधी बोट ओलं केलं. मधूनच म्हणाले, "हे छान. सातबारा कुणालाही पंधरा रुपयांत ऑनलाइन काढून बघता येतो. तुमच्यात बघता येतं का?"

पूर्वी यायचं, मालकाचं नाव-पत्ता जगजाहीर असायचं. २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा कडक कायदा आला तेव्हापासून बहुतेक ठिकाणी ते झाकलेलं असतं. म्हणून तर चावी आपल्या हातात पाहिजे. बाहेरून बघून काही कळत नाही.

"पण हे सगळं तू देऊन टाकतेस," फाइल मिटून ते म्हणाले, "मग गिऱ्हाईक तुला सोडून नाही जाणार?"

"जातात की. गेल्या वर्षी माझं सगळ्यात चांगलं पैसे देणारं गिऱ्हाईक गेलं. पुतण्या शिकून आला, त्याच्याकडं दिलं. फाइल होती म्हणून एका दुपारीत गेलं."

"परत आलं?"

"नाही. का येईल? पुतण्या चांगलं करतोय."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तलाठ्यानं आपल्याच हातानं दप्तर गावकऱ्यांना देऊन टाकावं, तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं असावं. मग खाकरले. मला ते खाकरणं ओळखीचं आहे. गिऱ्हाईक होण्याआधी माणूस तसाच खाकरतो.

"काय आहे, आपली थोरली. सांगोल्याची. बचत गटातर्फे शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतात. पुण्याहून मागणी येते आता. तर तिला एक साइट..."

"करू की. अन्नपरवान्याचा नंबर काढलाय का त्यांनी?"

"काढलाय."

"मग नाव ताईंच्या ईमेलवर घेऊ. ताईंच्याच, तुमच्या नाही. पैसेही त्यांच्याच खात्यातून. आणि चार ओळी लिहून द्या, 'आमच्याविषयी'."

"देतो की," भाऊसाहेब म्हणाले. "पालखी जाऊ दे, मग निवांत देतो."

मी काकींकडं बघितलं. काकी आभाळाकडं बघत होत्या.

"आणि निम्मे पैसे आधी," मी म्हटलं.

"आधी?" भाऊसाहेबांचा हात पुन्हा सुतळीच्या खिशात गेला. "अगं, घरचंच काम आहे. कुंपणाला कुंपण लागून आपलं. एवढी वर्षं शेजारी राहतोय, मी काय पळून जाणारे?"

"द्या की आधी!" काकी कडाडल्या. "तुमी तलाठी व्हता तवा कुणाला उधारीवर उतारा दिलता का?"